सहा दिवसांचं नाटक तीन दिवसांत गुंडाळलं

मले अजूनही राग येते. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढं वाचताना तुमाले वाटायले नको का हा पोरगा एकदम काऊन भडकला.

शुक्रवारी सकाळी चिखलीत मी रिक्षाच्या टपावर भोंगा बांधून राह्यलो होतो. समोरच्या मंगल कार्यालयाच्या फाटकावर एक माणूस फळा टांगत होता. मले वाटलं, सांजच्या खेळाचा वक्त लेहला असंन. जवळ जाऊन पाह्यलं तर लेहलं होतं, "काही अपरिहार्य कारणास्तव आजपासून नाटकाचे सर्व प्रयोग बंद करण्यात येत आहेत. रसिकांनी सहकार्य करावे."

सहकार्य! अबे, मंगळवार ते रविवार, सहा दिवस, असं मी स्वतःच्या तोंडानं गावोगाव वरडून आलो, अन् तुमी गुरुवारीच पडदा गुंडाळता? अन् वरून सहकार्य आमीच करायचं?

मी कोण, ते सांगतो. गाव अमडापूर, शाळा अमडापूरची, कॉलेज चिखलीचं, अन् धंदा तोंडाचा. कपड्याचा सेल लागला, सर्कस आली, डोळ्यांचं शिबिर भरलं, का रिक्षात बसून गावभर वरडत जाणारा तो पोरगा म्हणजे मी. दुसऱ्याचा आवाज काढायची खोड लहानपणापासूनची. नववीत असताना मी दोन वर्गांमधल्या पडद्याआडून हेडमास्तरच्या आवाजात "मुलांनो, आज लवकर सुट्टी" असं म्हणलं होतं, तर दोन वर्ग दप्तरं घेऊन घरी गेलते. खरे हेडमास्तर वर्गात आले तर फक्त बाक होते. तवापासून गावात माही इज्जतही हाय अन् बदनामीही.

तर हे नाटक पुण्याहून आलतं. संगीत नाटक. राजाराणीचं जुनंपानं नाई, नवं. गोष्ट आमच्याच इकडची, एका जिनिंगमधल्या, म्हणजे कापसाची सरकी काढायच्या कारखान्यातल्या बाईची. कापूस निवडता निवडता बाया गाणं म्हणतात, अन् नवा मालक येऊन सांगते, कामाच्या वक्ती गाणं बंद. ही बाई म्हणते, गाणं बंद तर हात बंद. तिथून जे भांडण पेटते ते तीन अंक चालते. अकरा गाणे, अन् स्टेजच्या बाजूले पेटी, तबला अन् क्लॅरिओनेट घेऊन खरेखुरे वाजवणारे बसलेले. तालुक्याच्या गावात असं नाटक एका दिवसाचं आलं तरी मोठी गोष्ट. यायनं सहा दिवस लावले होते.

माह्यासंग ठरलं का मी दिवसा भोंगा फिरवायचा अन् सांजी साडेसहाच्या खेळाले पह्यल्या रांगेत फुकट बसायचं. मी तर पुण्याच्या लोकांकडून आवाज काढायले काय नवीन भेटते, या लालचीनं हाव म्हणलं होतं.

मंगळवारी पह्यला खेळ. सहाशे खुर्च्या अन् माणसं चाळीस. त्यातले सहा जण मंगल कार्यालयातलेच. पण मी काय सांगू तुमाले! पडदा उघडला अन् त्या बाईनं पह्यली तान घेतली, तर माहं तोंड उघडं ते उघडंच. मी माणसाचा आवाज ऐकला का लगेच मनात धरून पाह्यतो, हा नाकातून येते का छातीतून. हा आवाज मले धरताच येईना. खाली मान घालून ती म्हणत होती, अन् मागच्या खुर्चीवरचा म्हातारा आपोआप पाय वर घेऊन मांडी घालून बसला.

एकच गडबड झाली. नाटकात ती बाई सासऱ्याच्या म्होरं पाण्याचा तांब्या ठेवते अन् म्हणते, "काऊन बे मामंजी, जेवले का?"

चाळीस माणसं होते, पण हसले चारशेसारखे. एकाची तर खुर्ची सरकली. तिले बिचारीले समजेचना का दुःखाच्या जागी लोकं पोट धरून काऊन हसून राह्यले.

खेळ झाल्यावर मी पडद्यामागं गेलो. म्हणलं, "ताई, एक सांगू का? सासऱ्याले बे म्हणलं तर आमच्याइकडे सून त्याच दिवशी माहेरी जाते."

ती तोंडावरचा रंग पुसता पुसता थांबली. "अय्या! पण तुम्ही सगळे तर सारखं बे बे करता."

"दोस्ताले करतो ताई. सासऱ्याले करत नाई. सासऱ्याले अहो मामंजी."

तिनं लगेच वही काढली अन् तिचं सगळं बोलणं माह्याकडून एकडाव म्हणून घेतलं. कुठं दम घ्यायचा, कुठं हेल काढायचा, सगळं पेन्सिलनं लेहलं. बुधवारच्या खेळात ती "अहो मामंजी" म्हणली तवा ते इतकं बरोबर आलं का कोणी हसलं नाई, अन् मीच येडा एकटा टाळ्या वाजवून राह्यलो. पुण्याच्या नाटकात आता आपलाही एक शब्द हाय, असं वाटलं.

म्हणून सांगतो, राग काऊन येते ते.

आता आईचं सांगतो, कारण सगळं तिच्यापाशी येऊन थांबते.

माह्या आईनं आजपर्यंत कोणतीच गोष्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत बसून पाह्यली नाई. टीव्हीवर पिच्चर लागला का अर्ध्यात दूध उतू जाते, नाईतर कोणीतरी पाहुणा येऊन टपकते. लग्नाले गेली का वाढायले उभी. शाळेच्या गॅदरिंगमध्ये माह्या नकलेचा नंबर आला, तवा ती लहान बहिणीले मुतवायले बाहेर घेऊन गेलती. परत आली तवा लोकं टाळ्या वाजवत होते, तर हिनंही वाजवल्या, काय झालं ते माहीत नसताना. आमच्या घरात पिच्चरचा शेवट आईले दुसऱ्यानं सांगायचा, असा नियमच पडून गेला होता. आमी सांगायचो एका वाक्यात, "मेला तो," नाईतर "झालं त्यायचं लग्न." ती भाकरी थापता थापता म्हणायची, "बरं झालं."

मंगळवारी घरी आलो अन् ओसरीवर सगळा पह्यला अंक करून दाखवला. मालकाचा घोगरा आवाज, सासऱ्याचा खोकला, बाईचं गाणं. शेजारचे दहा-बारा जण जमले. आई चुलीपाशी होती. गाणं संपलं तसा तिनं तवा खाली उतरवला. मंग म्हणे, "मी जाईन हे पाह्यले."

"चाल ना मंग उद्याच. मी नेतो."

"उद्या नाई. रविवारी."

"रविवारीच काऊन?"

"शेवटच्या दिवशी खरं असते," म्हणे. "पह्यले दोन-तीन दिवस त्यायचं बसवणंच चालू राह्यते."

हे तुमाले समजून सांगावं लागंल. आमच्याइकडे गावात सप्ताह बसला का पह्यल्या दिवशीच्या कीर्तनाले टाळकरी, माइकवाला अन् दोन म्हाताऱ्या. तिसऱ्या दिवशीही तेच. सातव्या दिवशी काल्याचं कीर्तन, तवा पाय ठेवायले जागा नाई. बाया नवे लुगडे नेसून येतात, माहेरवाशिणी येतात, महाराजही त्या दिवशी घसा साफ करून असा काही रंगवतात का बस. म्हणून आमच्या डोक्यात पक्कं बसलं हाय का कोणत्याही गोष्टीचा शेवटचा दिवस खरा, बाकीचे दिवस तयारीचे. माणूस पह्यल्या दिवशी गेला तर त्याले कोणी शहाणा म्हणत नाई, रिकामटेकडा म्हणतात.

आईनं तयारी लावली. रविवारी सांजी म्हैस पिळायचं काकूकडं देलं. भाकऱ्या दुपारीच करून ठेवायचं ठरलं. वडनेर भोलजीले मावशीले फोन केला का तू शुक्रवारीच ये, दोघी मिळून जाऊ. मले इचारलं, "खुर्चीले पाठ टेकायले हाय का?" म्हणलं हाय. "मंग मी पडदा पडेस्तोर उठत नाई. घर जळलं तरी मले बोलवायले येऊ नका."

माही आई असं बोलली म्हणजे तुमी समजा.

अन् मी काय केलं? बुधवार, गुरुवार दोन्ही दिवस रिक्षातून वरडत गेलो, "फक्त रविवारपर्यंत! रविवार शेवटचा दिवस! शेवटचा भव्य खेळ! चुकवाल तर पस्तावाल!" सेलच्या वक्ती असंच वरडतात. शेवटचा दिवस म्हणलं का लोकं कान टवकारतात, हे माहं धंद्यातलं ज्ञान. लोकायनंही कान टवकारले. चहाच्या टपरीवर, दवाखान्यात, एसटी स्टँडवर जो तो मले हात करून सांगे, "येतो बे, रविवारी येतो." अन् मी खूष. म्हणलं, रविवारी मंगल कार्यालयाच्या भिंती पाडाव्या लागतात का काय.

बुधवारी माणसं छत्तीस. गुरुवारी एकोणतीस.

मले त्याचं काहीच वाटलं नाई. तयारीचे दिवस होते ते.

आता परत शुक्रवारच्या सकाळवर येतो. मी त्या फळ्याचा फोटो काढला अन् ग्रुपवर टाकला. चिखलीतल्या नाटकवेड्यायचा ग्रुप होता तो, बुधवारीच निघाला होता. एक रिटायर झालेले मास्तर त्याचे म्होरके, त्यायले सगळे सरच म्हणत. त्या बाईच्या गाण्याचा तुकडा कोणीतरी मोबाइलवर घेतला होता, तो इतका फिरला का अर्ध्या तालुक्याच्या स्टेटसले तीच बाई. लोकायचं गाणं पाठ झालतं. लोकं एकमेकायले "गाणं बंद तर हात बंद" म्हणून चिडवत होते.

फोटो टाकला अन् ग्रुप पेटला. पाच मिनिटांत एवढे मेसेज आले का माहा मोबाइल गरम झाला. "हा चिखलीचा अपमान आहे." "पुणेकर आम्हाला समजतात काय?" एकानं रडणारे तोंडं एकोणीस टाकले. एकानं चुकून गुड मॉर्निंगचं फूल टाकलं, त्याले सगळ्यायनं मिळून झापलं. एक जण म्हणे, रास्ता रोको करू. दुसरा म्हणे, पण माही गाडी सर्व्हिसिंगले हाय. मंग सरांनी लेहलं, "सर्वांनी अकरा वाजता तहसीलसमोर जमावे. निवेदन देऊ."

आमच्याइकडे काहीही बिघडलं का निवेदन देतात. पाणी आलं नाई, निवेदन. एसटी आली नाई, निवेदन. नाटक बंद पडलं म्हणून निवेदन देणारे मात्र आमीच पह्यले असू. सरांनी दीड पानाचं शुद्ध मराठीत लेहलं होतं, "सदर नाटक अचानक बंद केल्याने रसिकांच्या भावनांना ठेच पोहोचली आहे." खाली त्रेसष्ट सह्या. मीही केली, मोठी झोकदार.

तिथल्या बाबूनं कागद वरून खालपर्यंत वाचला. चष्मा वर केला.

"हे कोणत्या टेबलाले लावू?" म्हणे.

"लावा कुठंही," सर म्हणाले, "पण शिक्का द्या."

"पीकविमा, रस्ता, पाणीटंचाई असं काही असते गुरुजी. नाटक कोण पाह्यते इथं?"

"तेच तर दुःख आहे!" सर एवढ्या जोरात म्हणाले का बाजूच्या टेबलावरची बाई दचकली.

बाबूनं शिक्का मारला. मंग आमी सगळ्यायनं निवेदन देतानाचा फोटो काढला. तो बाबू बिचारा कागदाचं एक टोक धरून उभा राह्यला अन् दुसरं टोक धरायले चौदा हात. फोटो झाल्यावर तो मले हळूच म्हणे, "कधी होता बे शेवटचा खेळ?" म्हणलं, "रविवारी." "हो ना," म्हणे, "आमीही रविवारीच येणार होतो."

तिथून मोर्चा मंगल कार्यालयावर. ट्रक लागला होता. जिनिंगचं मशीन, जे स्टेजवर एवढं भारी दिसे, ते दोन माणसं एका एका हातानं उचलून नेत होते. नाटकाचे व्यवस्थापक म्हणजे पन्नाशीचे, किडमिडे, गळ्यात मफलर, अन् आवाज असा का आपण बँकेत उभे हाय असं वाटावं. सरांनी त्यायच्या हातात निवेदनाची झेरॉक्स देली.

त्यायनं ती शांतपणे वाचली. "फार छान लिहिलंय," म्हणाले. "त्रेसष्ट रसिक. आनंद आहे. यातले किती जण नाटकाला आले होते?"

सगळे एकमेकाच्या मागं सरकले.

"मी सोपं करतो," असं म्हणून त्यायनं मोबाइल काढला. ते रोज खेळ सुरू झाला का स्टेजवरून खुर्च्यांचा फोटो काढून ठेवत. "हा मंगळवार. हा बुधवार. हा काल. यात आपण कुठे आहात ते मला दाखवा."

मोबाइल हातोहात फिरला. लोकं फोटो मोठा करून करून स्वतःले शोधून राह्यले होते, जसं काही नसताना सापडणारच हाय. सरांनी चष्मा काढून, पुसून, परत लावून पाह्यला. लाल लाल खुर्च्यांच्या ओळी. पह्यल्या रांगेत एकच डोकं ओळखू येत होतं, तोंड उघडं असलेलं. ते माहं.

"आम्ही रविवारी येणार होतो," सर म्हणाले. आवाज बारीक.

"सगळेच?"

"सगळेच!" मागून वीस-पंचवीस जण वरडले. "पूर्ण तालुका येणार होता साहेब!"

"मग मला कोणी सांगितलं का नाही?"

"सांगायचं काय त्यात?" एक जण खरंच चिडून म्हणला. "शेवटच्या दिवशी येतातच ना लोकं!"

व्यवस्थापकायनं मोबाइल परत घेऊन खिशात ठेवला. मंग म्हणाले, "अहो, रोज रिकाम्या खुर्च्यांसमोर गाऊन माझे लोक खचले. दोघं जण काल रात्रीच्या गाडीनं परत गेले, त्यांना दुसरं काम मिळालं. सासरा गेला, मालक गेला. आता रविवारी कोणाला उभं करू?" तेवढ्यात त्यायची नजर माह्यावर पडली. "आणि हे तुमचे भोंगेवाले. मी सांगितलं होतं, रोज साडेसहा वाजता. हे दोन दिवस रविवार, रविवार, रविवार. मी स्वतः ऐकलं रस्त्यात. मंगळवार ते शनिवार हे दिवस यांच्या कॅलेंडरमध्ये नाहीतच का?"

बासष्ट मुंडके माह्याकडं वळले.

आता मले सांगा, मी काय करायले पाह्यजे होतं? कोणी समजूतदार माणूस असता तर माफी मागली असती. मी मफलर नसताना मफलर सारखा केला अन् त्यायच्याच आवाजात म्हणलं, "फार छान लिहिलंय. आनंद आहे."

लोकं फुटले. सरसुद्धा हसले. व्यवस्थापकही हसले, खोटं काऊन बोलू. फक्त फाटकाजवळून आवाज आला, "गप!"

आई होती. संग मावशी, काखेत वडनेरहून आणलेली पिशवी तशीच. काळीपिवळी जीपमधून उतरून सरळ इकडंच आल्या होत्या. मावशीच्या पोरानं ग्रुपवरचा फोटो मावशीच्या मोबाइलवर पाठवला होता, तो पाहून दोघी अमडापूरहून तशाच निघाल्या.

"गप बस," आई परत म्हणली. "तुह्या तोंडानंच झालं हे."

"अव आई, तूच तर म्हणे शेवटच्या दिवशी खरं असते."

"मी घरात म्हणलं. तू भोंग्यावर म्हणलं."



मंग ती व्यवस्थापकाकडं वळली. माही आई परक्या माणसापाशी कधी बोलत नाई, पदर नीट करून बाजूले उभी राह्यते. त्या दिवशी पदरबिदर तसाच. "दादा," म्हणे, "मी तीन दिवसांपासून तयारी केली. म्हशीची सोय लावली. या माह्या बहिणीले बोलावलं. माणसं कमी पडून राह्यले तर सासरा हा करंल," माह्याकडं बोट, "मालकही हाच करंल. सगळे आवाज येतात त्याले."

 खरं सांगतो, मले वाटलं आता हे हाव म्हणतात. सासऱ्याचा खोकलाही मनातल्या मनात काढून पाह्यला.

"काकू," ते म्हणाले, अन् पह्यल्यांदाच त्यायचा बँकेतला आवाज जरा ढिला पडला, "आवाज काढणं वेगळं आणि काम करणं वेगळं. हालचाली, जागा, समोरच्याला सांभाळणं. दोन दिवसांत होत नाही. आणि ट्रकही भरलाय. मी आज हो म्हटलं तर तुम्हाला नाटक नाही दिसणार, नाटकाची नक्कल दिसेल."

"मंग नको," आई लगेच म्हणली. "नक्कल घरी पाह्यली मी."

हे तिनं मले लागावं म्हणून म्हणलं नव्हतं. पण लागलं. लहानपणापासून जे करून मी लोकायले हसवलं, ते माह्या आईच्या एका सांजच्याही कामाचं नव्हतं. अन् राग मले व्यवस्थापकाचा यावा का सरांचा का माहाच, ते समजेना. म्हणून मी सगळ्यायवर मिळून भडकलो. तिथंच त्या लोकांवर वरडलो, बिनभोंग्याचा, "तीन दिवस कुठं मेले होते बे? स्टेटस लावायले येते, गाणं पाठ करायले येते, खुर्चीवर येऊन बसायले काय झालं होतं? दहा मिनिटांवर घरं तुमचे! सही करायले त्रेसष्ट अन् बसायले एकोणतीस?"

"तू काऊन भडकून राह्यला बे," त्यातला एक म्हणे, "तूच तर सांगतलं रविवारी."

"मी येडा हाय! तुमाले अक्कल नव्हती काय?"

 लोकं हळूहळू पांगले. सरांनी निवेदनाची झेरॉक्स घडी करून खिशात घातली अन् जाता जाता मले म्हणाले, "पुढच्या वेळी आपण पहिल्या दिवशी येऊ." अहो सर, पुढच्या वेळी येतंय कोण इथं? एकोणतीस माणसायपुढं गायले पुण्याहून परत येते कोणी?

आई अन् मावशी मंगल कार्यालयाच्या पायऱ्यांवर बसल्या होत्या. नाटकातली बाई आपली बॅग घेऊन बाहेर आली. साधा पंजाबी ड्रेस, केस बांधलेले, तोंडावर रंग नाई. आईनं तिले ओळखलंच नाई. मी म्हणलं, "आई, ह्या त्याच." आई उठून उभी राह्यली अन् उगंच तिच्या हाताले हात लावून पाह्यला.

"बारीक हाय वं तू," म्हणे. "मोबाइलवर आवाज मोठा ऐकला मी."

ती हसली अन् पायरीवर आईजवळ बसली. मी तिले थोडक्यात सांगतलं, आईची तयारी, म्हैस, रविवार. ती ऐकत राह्यली. मंग म्हणे, "काकू, मी गाणं म्हणू का? माझा घसा बसलाय, पण म्हणते."

"नको, नको," आई म्हणली. "घसा सांभाळ."

"मग गोष्ट सांगते ना. पूर्ण. पहिल्या अंकापासून शेवटपर्यंत. शेवटी ती बाई काय करते माहितीये का, ती..."

आईनं चटकन तिच्या तोंडावर हात ठेवला. अख्खा हात. परक्या बाईच्या तोंडावर. मावशी म्हणली, "अवं काय करते!"

"सांगू नको," आई म्हणली. "सगळे मले शेवट सांगतात. यावेळी मी कोणाकडून ऐकणार नाई. मी पाह्यन."

"पण काकू, नाटक बंद झालं. आम्ही परत इकडे येऊ का नाही ते..."

"नाई आले तर नाई आले. मंग माहीत नाई तर माहीत नाई. पण सांगू नको."

 त्या बाईचे डोळे भरले होते का काय, मले दिसलं नाई, कारण तिनं मान वळवली अन् बॅगचा बंद उगंच सारखा केला. ट्रकवाल्यानं हॉर्न देला. जाता जाता ती मले म्हणली, "तुम्ही तीनदा पाहिलंय. तुम्हाला माहीत आहे. तुम्हीही सांगायचं नाही हां."

"सांगून तर पाह्य," आई माह्याकडं पाहून म्हणली.

तर आता आमच्या घरात हा प्रकार हाय. ज्या माणसानं आयुष्यात तोंड बंद ठेवलं नाई, त्याले एका नाटकाचा शेवट गिळून बसावं लागून राह्यलं. ओसरीवर शेजारचे म्हणतात, "अबे तिसरा अंक कर ना." आई घरात असली तर मी करत नाई. ती म्हशीकडं गेली तरी करत नाई, कारण तिचे कान लय लांब हायेत. मावशीनं एकडाव मले बाजूले घेऊन सांग म्हणलं, तर आईनं आतूनच "हं" केलं. मावशी वडनेरले तशीच परत गेली.

मंडळीच्या व्यवस्थापकायले मी दोनदा फोन केला. एकदा उचलला. म्हणाले, सध्या कुठंच प्रयोग नाहीत, पुढचं ठरलं नाही. त्यायचा तो बँकेतला आवाज ऐकून माहं डोकं परत फिरलं, पण राग गिळला. फक्त म्हणलं, "जवा कराल तवा पह्यल्या दिवसाच्या दोन खुर्च्या ठेवा. पाठ टेकायच्या." ते म्हणाले, "कोणत्या गावी असेल काही सांगता येत नाही." म्हणलं, "कोणत्याही गावी."

आईले मी हे सांगतलं नाई, तिनं उगंच वाट पाहू नये म्हणून. पण परवा ती काकूले इचारून राह्यली होती, दोन दिवस म्हैस सांभाळशील का, कधी लागलं तर. काकू म्हणे, "कुठं जाऊन राह्यल्या?" आई म्हणे, "ठरलं नाई."

तुमालेही वाटत असंन, आता तरी सांग बाबा, त्या बाईनं शेवटी केलं काय. लय मनात येते का लेहून टाकावं. पण हे छापून आलं का कोणीतरी आईले वाचून दाखवणार, अन् तिले अर्ध्यातून उठवायले यावेळी ना दूध उतू जाणार ना पाहुणा येणार. म्हणून नाई सांगत. राग येऊ द्या. मलेही येते.